असीम गेल्यानंतरचं इंडियन ओशन

परवा खानापूरहून येताना गाडीत इंडियन ओशन या बँडची गाणी लावली होती, तर शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "अजून हेच ऐकूलालास? असीम गेला तेव्हाच बँड संपला की." तेव्हा काही बोललो नाही, पण दोन दिवस डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

आधी मीही हेच म्हणायचो. 'कंदिसा' २००० साली आला, आमची कॅसेट अक्षरशः झिजली. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवायचा आणि वाजवता वाजवताच गायचा, खालून राहुल रामचा बेस, सोबत सुस्मित सेनची ती गिटार जी मला कायम सतारीची चुलत बहीण वाटायची. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेला. २०१३ मध्ये सुस्मितनेही बँड सोडला. १९९० मध्ये दिल्लीत ज्या दोघांनी हे सुरू केलं ते दोघंही नाहीत मग राहिलं काय, असं म्हणून मी कितीतरी वर्षं त्यांचं नवीन काही ऐकलंच नाही. चुकलं माझं.

कारण त्यांनी दुसरा असीम शोधला नाही. तबला तुहीन चक्रवर्तीकडे गेला, गाणं हिमांशू जोशीकडे. एका माणसाच्या जागेला दोन माणसं लागली, यातच सगळं आलं! हिमांशूचा गळा वेगळा, मोकळा, वर चढणारा, मग गाण्याची चालच तशी व्हायला लागली. २०१४ च्या 'तंदानू' अल्बममध्ये तर शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट असे पाहुणे बोलावले आणि प्रत्येकाला आपल्या गाण्यात ऐसपैस जागा दिली.

आणि लोकसंगीत बदलू नये हे आपण बेळगावकरांनी तरी कसं म्हणायचं? लहानपणी आजीबरोबर सौंदत्तीला जायचो. तिथे एक जोगतीण चौडकं काखेत धरून बसलेली, एका हाताने तार ताणायची, दुसऱ्या हातातल्या काडीने छेडायची, ताण वाढला की सूर वर सरकायचा, सैल सोडला की पोटात उतरायचा. समोर कोल्हापूरकडची माणसं आली की तेच गाणं कानडीतनं मराठीत वळायचं, मधे थांबणं नाही काही नाही, आणि 'उदो'ला सगळ्यांचा आवाज एकच. त्यातलं अस्सल कुठलं?

इथलंच सुळेभावी घ्या. १९२४ मध्ये तिथे जन्मलेले कुमार गंधर्व, घरची भाषा कानडी, टीबीने देवासला अंथरुणाला खिळलेले असताना माळव्यातल्या बायामाणसांची गाणी ऐकत राहिले आणि त्या धुनांतनं नवे राग उभे केले. ते माळवी गाणं जसंच्या तसं गायले असते तर एवढं मोठं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

असीमचा आवाज आजही आठवतो, 'झीनी' लावलं की अजून गलबलतं. पण त्या आठवणीपायी आजच्या पोरांचं ऐकायचंच नाही, हे मला पटत नाही. पुढच्या रविवारी परत खानापूरला जायचंय, जाताना 'तंदानू' पहिल्यापासून शेवटपर्यंत लावणार, आणि मित्राला शेजारीच बसवणार.