बॉनेटवर टूथपेस्ट चोळण्याआधी

'शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत' अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत असून, गाडीचा रंग घरच्या घरी नव्यासारखा करण्याच्या पाच युक्त्या त्यात दिल्या आहेत: ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळा, गाडी भांड्यांच्या साबणाने धुवा, चमक येण्यासाठी पाण्यात रॉकेल घालून पुसा, मेणबत्तीचे मेण वितळवून लावा आणि दर आठवड्याला पॉलिश करा. माझ्या धाकट्या काकांनी यातली पहिली युक्ती आपल्या गडद निळ्या गाडीवर करून पाहिली आणि बॉनेटवर तळहाताएवढा धुरकट चट्टा पाडून घेतला. तरीही घरच्या ग्रुपवर तो संदेश पुन्हा येऊन गेलाच, म्हणून हा प्रपंच.

आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, मग प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही सहसा पातळ असतो. गाडीची चमक आणि खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण, ही दोन्ही कामे तोच करतो. आणि तो एकदा झिजला की पुन्हा वाढत नाही.

टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटसारखी घासणारी पूड असते. ती किती घासते याला मर्यादा घालणारे आयएसओ 11609 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे: तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाणित पुडीची घासण्याची क्षमता 100 मानली, तर टूथपेस्टची 250 पर्यंत चालते. म्हणजे सौम्य पेस्ट आणि त्याहून कितीतरी पट घासणारी पेस्ट, दोन्ही या मानकात बसतात, आणि आपल्या हातातली नळी त्यातली कोणती, हे तिच्यावर बहुधा लिहिलेले नसते. शिवाय ही मोजणी दातांच्या डेंटिनवर, म्हणजे वरच्या कठीण आवरणाखालच्या थरावर होते. गाडीच्या रंगावर ती कोणी करत नाही. ओरखडा 'गेला' असे वाटते, कारण त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आलेला असतो. अंगठ्याने एकाच जागी जोर लावून चोळले, की तिथे असंख्य बारीक रेघा उमटतात आणि गडद रंगावर त्या धुक्यासारख्या दिसतात. पांढऱ्या गाडीवर त्या सहजी दिसत नाहीत, इतकेच. ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकत असेल, तर टूथपेस्टच काय, पॉलिशनेही तो पुरता जाणार नाही. तिथे टच-अपच, म्हणजे तेवढ्या जागेत नव्याने रंग भरणेच लागते.

एक गोष्ट मान्य करावी लागते. फाटकाला घासून गाडीला लागलेला फाटकाचा रंग टूथपेस्टने निघतो, कारण तो वर चिकटलेला असतो. पण त्यासाठी बाजारात बारीक पॉलिश मिळते आणि त्याचा घासण्याचा गुण निदान रंगाचा विचार करून ठरवलेला असतो.

दर आठवड्याच्या पॉलिशला हाच आक्षेप लागू होतो. पॉलिश क्लिअर कोट झिजवते, वॅक्स (गाडीसाठीचे मेण) त्यावर थर चढवते. संदेश लिहिणाऱ्याला हा फरकच ठाऊक नसावा. पत्र्याच्या कडांवर आणि उंचवट्यांवर घासण्याचा जोर एकवटतो, त्यामुळे नेमाने पॉलिश केलेल्या गाडीचा रंग आधी तिथेच उघडा पडतो.

भांड्यांचे द्रवरूप साबण वॅक्स उतरवतात. नवे वॅक्स लावण्याआधी एखाद्या वेळी ते चालेल. घासणारी पूड असलेली वडी मात्र कधीच नको. रॉकेलने चाकांच्या वरचे डांबराचे ठिपके सुटतात हे खरे, पण तेवढीच जागा टिपून लगेच गाडीच्या शाम्पूने धुवायची असते. सगळ्या गाडीवर फिरवलेल्या रॉकेलची ती 'चमक' म्हणजे तेलकट पापुद्रा असतो. त्यावर धूळ बसते आणि काचेभोवतीचे रबरही खराब होते. मेणबत्तीचे पॅराफिन साधारण 50 ते 60 अंशांना वितळते, आणि मे महिन्यात जळगाव-नागपूरकडे उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही, याची आठवण पुरेशी आहे. गाडीच्या वॅक्समध्ये ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण वापरतात, कारण ते 80 अंशांच्याही वर वितळते.

रंगाची सर्वांत जास्त हानी ज्याने होते, त्याचा संदेशात उल्लेखही नाही. सोसायटीत रोज सकाळी एकच बादली आणि एकच फडके घेऊन ओळीने गाड्या पुसल्या जातात, आणि पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीवर घासली जाते. उन्हात गोल गोल दिसणाऱ्या रेघा बहुतेक त्यातूनच येतात. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढून पाहावी. भरपूर पाणी मारून माती सैल केल्याशिवाय पुसू नये, असाच सल्ला तिथे सापडेल. गाडी सावलीत, बॉनेट थंड असताना, वरून खाली धुवावी. शाम्पूची आणि फडके खळबळण्याची बादली वेगळी ठेवावी, आणि जमिनीवर पडलेले फडके पुन्हा रंगाला लावू नये. वॅक्स दोन-तीन महिन्यांतून एकदा, अगदी पातळ लावले तरी पुरते. पाणी बोअरवेलचे असेल, तर ते गाडीवर सुकू न देता मायक्रोफायबरने लगेच टिपावे, कारण क्षारांचे पांढरे ठिपके एकदा पक्के बसले की ते काढायला पॉलिशच करावे लागते.