ड्रॅगन चालतील, पण रांग का मोडता?

ज्या जगात ड्रॅगन उडतात तिथे लढाईच्या खरेपणाची अपेक्षा कशाला, हे फँटसी कथांमधल्या लढायांवरच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. ड्रॅगन आपण मान्य करतो, पण माणसं, घोडे, चिखल आणि भीती तीच असतात ना?

अशा कथांमध्ये सगळ्यात खटकतं ते दोन्ही सैन्यांनी ओरडत धावत जाऊन एकमेकांत मिसळणं आणि मग जागोजागी द्वंद्वयुद्धं. १०६६ मध्ये इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला, नॉर्मंडीहून (उत्तर फ्रान्स) चालून आलेल्या नॉर्मनांपुढे इंग्रजांची ढालींची भिंत जवळपास दिवसभर टिकली, कारण माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. मागे हटणाऱ्या नॉर्मनांचा पाठलाग करत जे रांग सोडून उतारावरून धावले, ते कापले गेले. १३०२ मध्ये कोर्त्रेकला तर फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमचा भाग) शहरांतले विणकर आणि कारागीर ओढ्यांच्या आड भाले रोखून पायी उभे राहिले, आणि फ्रान्सच्या चिलखती सरदारांचं घोडदळ त्यांच्यापुढे मोडलं. केवढं नाट्य आहे यात! समोरून घोडे येताहेत, पाय थरथरताहेत, तरी जागा सोडायची नाही.

तिरंदाजांचंही तेच, कथांमध्ये ते धनुष्य ताणून हुकमाची वाट बघत उभे दिसतात. पण ताणायला १०० पौंडांहून जास्त जोर लागणारं धनुष्य पूर्ण ताणून सेनापतीच्या हुकमाची वाट बघत कोणी फार वेळ उभं राहू शकत नाही.

आणि जमीन? १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अझँकूरला इंग्रजांशी लढताना पावसाने भिजलेल्या नांगरटीत चिलखती फ्रेंच रुतत गेले, तेही दोन्ही बाजूंच्या झाडीमुळे अरुंद झालेल्या मैदानात. लेखकाने पुढचा लेख जमीन आणि हवामानावरच लिहावा, अशी मनापासून विनंती.