दम लागलेल्या मुलाला नाक धरायला लावणाऱ्या मेसेजचा समाचार

‘बाळदम्यावर रामबाण! २१ दिवस प्राणायाम, पंप कायमचा बंद’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’ अशी आज्ञा. आतले दावे थोडक्यात असे: दम्याच्या पंपाची, म्हणजे इन्हेलरची, मुलांना सवय लागते, त्यातल्या स्टेरॉइडने उंची खुंटते, भस्त्रिका-कपालभातीने कफ जळून जातो, परदेशी डॉक्टरांनीही हे मान्य केलंय, दूध-केळं-दही बंद करा, आणि दम लागलाच तर पंप न देता अनुलोम-विलोम करवून घ्या.

एरवी असल्या मेसेजकडे मी ढुंकूनही पाहत नाही. पण या वेळी तो माझ्या धाकट्या जावेपर्यंत पोहोचला आणि तिने पुतण्याचा पंप उचलून कपाटात ठेवला. मी डॉक्टर नाही, माझं मेडिकल आहे. पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, तिच्यातून औषध श्वासाबरोबर आत घेतात), खोकल्याच्या बाटल्या दिवसभर माझ्या हातांखालून जातात आणि ‘पंप नको हो, काहीतरी साधं पातळ औषध द्या’ हे वाक्यही रोज कानावर पडतं.

शेवटचा दावा आधी घेते. बाकीचेही निरुपद्रवी नाहीत, पण याने तिथल्या तिथे जीव जाऊ शकतो.

मेसेज म्हणतो: ‘दम लागल्यास घाबरून पंप देऊ नये. मुलाला पद्मासनात बसवून अनुलोम-विलोम करवावा, श्वास आठ अंक रोखावा. दहा मिनिटांत श्वासनलिका मोकळी होते.’

हे लिहिणाऱ्याने दम लागलेलं मूल जवळून पाहिलेलं नसणार. अटॅकमध्ये श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतलं अस्तर सुजतं, त्यात चिकट कफ साचतो. हवा कशीबशी आत जाते, पण बाहेर पडताना अडते. छाती आधीच हवेने फुगून राहिलेली असते आणि त्यावर पुढचा श्वास घ्यायचा असतो. अशा मुलाला आपण सांगायचं काय, तर श्वास रोखून धर! तोही एक नाकपुडी दाबून. दमा असलेल्या पुष्कळ मुलांना ॲलर्जीची सर्दी असते, म्हणजे नाक बहुतेक वेळा चोंदलेलंच. उरलीसुरली वाटही बोटाने बंद करायची.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. संध्याकाळी पोराचा खोकला वाढला, छातीतून सूं-सूं आवाज यायला लागला. जावेने मेसेज उघडला, सासूबाई अंक मोजायला बसल्या. पोरगं काही मांडी घालेना. पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकलेलं, खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय. ‘आजी... नाही... होत’ एवढं बोलायला त्याला तीन श्वास लागले. दम लागलेलं मूल असं वाकून बसतं ते आपोआप, कारण त्या बसण्यात छातीच्या आणि मानेच्या स्नायूंना जोर लावता येतो. त्याला ओढून पद्मासनात ताठ बसवणं म्हणजे तेवढा आधारही काढून घेणं. दीर कामावरून आले, त्यांनी पंप दिला आणि थेट दवाखान्यात नेलं. तिथे नेब्युलायझर लावल्यावर पोर बोलायला लागलं. निभावलं.

अशा वेळी करायचं ते फार अवघड नाही. मुलाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना असेल तर तीच पाळायची. नसेल तर ऑस्ट्रेलियात शाळाशाळांतून शिकवतात ती चार-चारची पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे. मूल सोयीचं बसवायचं, आडवं करायचं नाही. तातडीचा, म्हणजे साल्ब्युटामॉलचा पंप हलवून स्पेसरला लावायचा. एक फवारा, त्यावर चार श्वास. असे चार फवारे. मग चार मिनिटं थांबायचं. फरक पडला नाही तर पुन्हा चार, आणि १०८ ला फोन. ओठ निळसर दिसले, वाक्य पुरं करता येईना, मूल मलूल झालं किंवा सूं-सूं अचानक थांबूनही धाप तशीच राहिली, तर चार मिनिटांचीही वाट न पाहता १०८ ला फोन करा. ते आवाज थांबणं सुधारणेचं लक्षण असेलच असं नाही. कधीकधी हवाच जात नसते म्हणून आवाज येत नसतो. गाडी येईपर्यंत त्याच चार-चारच्या पद्धतीने फवारे चालू ठेवायचे. स्पेसर घरात नसेल तर पाण्याची अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून पंप घट्ट बसवायचा. हा जुगाड माझ्या मनचा नाही: केपटाउनच्या डॉक्टरांनी अशी बाटली दमा असलेल्या मुलांवर तपासली आणि विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली छापून आलंय.

आता भस्त्रिका आणि ‘कफ जळणं’. कफ काही जळत नाही. वेगाने, जोरजोरात घेतलेल्या श्वासाने श्वासनलिका कोरड्या आणि गार पडतात, आणि दम्याच्या छातीत त्याने आकुंचन सुरू होऊ शकतं. खेळताना दम लागतो की नाही हे तपासायची एक चाचणीच आहे: रुग्णाला सहा मिनिटं कोरडी हवा जोरजोरात घ्यायला लावतात आणि श्वासनलिका आवळतात का ते मोजतात. म्हणजे दमा उघड करण्यासाठी जे प्रयोगशाळेत, डॉक्टर शेजारी उभा असताना करतात, ते मेसेज पोराला सकाळी रिकाम्या पोटी गच्चीवर करायला सांगतोय.

‘पंपाची सवय लागते.’ पंप दोन प्रकारचे असतात आणि मेसेज दोन्ही एकाच पिशवीत कोंबतो. एक तातडीचा, श्वासनलिका लगेच सैल करणारा. दुसरा रोजचा, आतली सूज कमी ठेवणारा, कमी मात्रेच्या स्टेरॉइडचा. रोजचा बंद केला की सूज हळूहळू परत येते, मूल पुन्हा धापा टाकतं आणि घरचे म्हणतात, बघा, सवय लागली. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं म्हणून कुणी चष्म्याचं व्यसन लागलं म्हणत नाही. तातडीचा पंप मात्र वरचेवर लागत असेल तर दमा आटोक्यात नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि तेव्हा डॉक्टरांकडे जायचं असतं.

आणि ‘साधं पातळ औषध’ मागणाऱ्यांसाठी माझ्या काउंटरवरचा हिशेब. तातडीच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असतं. त्याच औषधाच्या सिरपच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम. वीस फवाऱ्यांचं औषध एका चमच्यात, तेही पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते, गुण उशिरा येतो. पण चमचा सौम्य आणि पंप जहाल, हे डोक्यातून जाता जात नाही.

‘स्टेरॉइडने उंची खुंटते.’ इथे मेसेजच्या हाताला अर्धं सत्य लागलंय, नाइलाजाने मान्य करते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात शाळकरी मुलांना काही वर्षं रोज ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप दिला आणि ती मोठी झाल्यावर उंची मोजली. २०१२ साली निकाल आला: औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी. सेंटिमीटर, इंच नव्हे. आई-वडिलांना हे सांगायला हवं, डॉक्टरांनी कमीत कमी पुरेल तेवढाच डोस द्यायला हवा, आणि दर भेटीत मुलाची उंची मोजायला हवी. पण सतत आटोक्याबाहेर असलेला दमाही वाढ रोखतो, आणि वारंवारच्या अटॅकमध्ये पोटातून द्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडची मात्रा पंपाच्या कितीतरी पट असते, हे त्या मेसेजमध्ये नाही.

‘परदेशी डॉक्टरांनी मान्य केलंय.’ काय मान्य केलंय ते बघू. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरचे सगळे धड अभ्यास गोळा करून त्यांचा कस लावते. मुलांचा दमा आणि श्वसनाचे व्यायाम यावर त्यांचा आढावा २०१६ साली आला. जगभर शोधून निकषांत बसणारे अभ्यास सापडले तीन. मुलं सगळी मिळून ११२. त्या तिन्हींतही नुसते श्वसनाचे व्यायाम नव्हते, इतर उपचारांच्या जोडीने होते, त्यामुळे गुण कशाचा ते वेगळं काढता येईना. निष्कर्ष: फायदा होतो की नाही हे सांगण्याइतका पुरावाच नाही. ‘सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्याने एवढं तरी वाचावं. मोठ्या माणसांबाबत चित्र थोडं बरं आहे. ६५५ प्रौढांवरच्या एका ब्रिटिश चाचणीत श्वसनाचे व्यायाम शिकवल्यावर लोकांना बरं वाटलं, रोजचं जगणं सुधारलं. पण फुप्फुसाची मोजमापं आणि आतली सूज होती तिथेच राहिली. म्हणून तर जागतिक मार्गदर्शक सूचना या व्यायामांना औषधाची जोड म्हणतात, त्याऐवजी म्हणत नाहीत. तेव्हा पोर बरं असताना सकाळी शांतपणे दीर्घ श्वास घेत असेल, घाबरल्यावर उथळ, भराभर श्वास घ्यायची खोड त्याने मोडत असेल, तर जरूर करू द्या. माझा विरोध त्याला नाहीच.

दूध-केळं-दही: ज्या मुलाला ॲलर्जी आहे त्याचं बंद करा, बाकीच्यांचं खाणं कशाला काढून घेता?

राहता राहिले ते २१ दिवस. दमा चढतो तसा उतरतोही: पावसाळी ओल सरली, दिवाळीच्या फटाक्यांचा धूर विरला, सर्दी गेली की पुष्कळ मुलं तीन आठवड्यांत तशीही मोकळी होतात. काहींचा तर वयात येताना जवळजवळ नाहीसा होतो. त्याच सुमाराला जे काही चालू असेल, प्राणायाम, काढा, नाहीतर दम्यावर औषध म्हणून गिळायला देतात तो हैदराबादचा मासा, श्रेय त्याला मिळतं. पंपातून सुटावं असं आईला वाटण्यात काही चूक नाही. डॉक्टरही तेच बघत असतात: साधारण तीन महिने दमा नीट आटोक्यात राहिला की रोजच्या पंपाचा डोस एक पायरी उतरवतात, पुन्हा बघतात, जमलं तर आणखी उतरवतात. फक्त त्या तीन महिन्यांत रोजचा पंप न चुकता घ्यावा लागतो, आणि तो कपाटात असून चालत नाही.