टँकरच्या विहिरीजवळची भेंडी

माझे आजोळ शहापूर तालुक्यात आहे आणि मी राहतो भांडुपला. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे ज्या भातसा धरणातून येते ते याच तालुक्यात आहे, तानसाही इथलाच, आणि तरीही मे महिन्यात मामाच्या गावाला टँकर येतो. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की वर्तमानपत्राने दर उन्हाळ्यात तोच फोटो छापला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

टँकर आला की त्याचा पाइप थेट सार्वजनिक विहिरीत सोडतात. तळाचा गाळ ढवळून वर येतो, पाणी चहाच्या रंगाचे होते, आणि ते निवळण्याची वाट न पाहता बायका दोर सोडतात, कारण थांबले तर आपला हंडा रिकामाच राहतो. मामी ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळते आणि मग त्यात तुरटी फिरवते.

यावर मुंबईत बसून सुचणारा उपाय ठरलेला असतो: बंधारे बांधा, पाणी अडवा. गावात बांधायचे काही शिल्लक नाही, हेच खरे दुखणे आहे. ओढ्यावर बंधारा आहे, पण पाऊस ओसरताच बसवायची त्याची दारे दिवाळीनंतर बसतात आणि तोवर वाहून जायचे ते वाहून गेलेले असते. नळयोजनेची टाकी आहे, दारोदार नळही आहेत. मात्र योजनेची उद्भव विहीर, म्हणजे जिथून टाकीत पाणी चढवतात ती विहीर, फेब्रुवारीअखेर तळ गाठते आणि पंपाचे वीजबिल थकले की उरलेसुरलेही मिळत नाही.

इथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु जमिनीखाली काळा कातळ आहे, पाणी त्याच्या भेगांत मावेल तेवढेच मुरते आणि बाकीचे उतारावरून समुद्राकडे निघून जाते. त्यामुळे पावसाळा संपताना जे हाती उरते त्यावरच पुढचे सात-आठ महिने काढायचे असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली: आधी पाऊस मोजायचा, माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही आणि ऊसही नाही. पाणलोटाची कामे पुष्कळ गावांत झाली, पण स्वतःवर असे निर्बंध घालून घेणारी गावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

त्याच्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. जमिनीच्या आकारावर नव्हे तर घरातल्या माणसांच्या संख्येवर पाण्याचा वाटा ठरवायचा आणि भूमिहीनालाही तो द्यायचा, हे त्यांचे सूत्र मला आजही कोणत्याही यंत्राहून क्रांतिकारक वाटते. आपण मात्र शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यात बोअरचे पाणी उपसून भरतो, म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात वाळत घालतो, आणि त्यालाही जलसंधारण म्हणतो.

हे सगळे मी मामेभावाला सांगत होतो, तेव्हा तो शांतपणे ऐकत होता. भाताची कापणी झाली की तो बोअरवर भेंडी घेतो, आणि ती बोअर सार्वजनिक विहिरीपासून फार तर दीडशे पावलांवर आहे. विहीर लवकर का आटते हे त्याला माझ्याहून चांगले कळते. "दादा, भेंडी थांबवतो, पोरांची फी तू भरशील का?" एवढेच तो म्हणाला. त्याची भेंडी वाशीच्या मार्केटला जाते, बहुधा आमच्याही डब्यात येत असेल.

म्हणूनच, गावाच्या ताळेबंदात मुंबईचे नाव लिहिल्याशिवाय तो जुळणार नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शहरासाठी माणशी रोज 135 लिटर आणि खेड्यासाठी 55 लिटर हा सरकारी निकषच मुळात विषम आहे. निदान आमच्या पाणीपट्टीतला काही भाग धरणाच्या तालुक्यांतल्या अशा गावांना मिळावा, जी उपसा मर्यादित ठेवतात आणि त्यापायी एका पिकाचे उत्पन्न सोडतात. आमच्या सोसायटीची टाकी आठवड्यातून दोनदा तरी भरून वाहते, तेव्हा ही रक्कम आम्हाला जड जाईल असे वाटत नाही.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचे मामेभावाने कबूल केले आहे. भेंडीचे बी मात्र त्याने आणून ठेवले आहे.