झिंकचा ‘वर्षभराचा साठा’ शरीरात होत नाही

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस जवळ आले की सोलापुरात थंडीसोबत आरोग्याचे फॉरवर्डही वाढतात. सध्या फिरणारा एक असा: “50 मिलिग्रॅम झिंक पंधरा दिवस घ्या, हाडांत साठून वर्षभर पुरेल. जनावरंही असंच साठवतात, गाईलाही वर्षातून एकदाच द्या. ज्वारीची भाकरी सोडा, ती झिंक अडवते.” यातल्या प्रत्येक गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोक फसतात.

आधी हाडांचं बघू. प्रौढ माणसाच्या अंगात 2 ते 3 ग्रॅम झिंक असतं. त्यातलं सुमारे 30 टक्के हाडांत, 60 टक्के स्नायूंत. पण ते तिथं कामात गुंतलेलं असतं. जेवणात कमी पडलं म्हणून ते लगेच मोकळं होऊन येत नाही. याचा पुरावा गोठ्यातच सापडतो. होल्स्टीन-फ्रिजियन जातीच्या काही वासरांत ‘झिप-4’ या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. हे प्रथिन आतड्याच्या पेशीवरचं झिंकचं दार. ते नसलं की वासराच्या तोंडाभोवती, पायांवर खपल्या धरतात, प्रतिकारशक्ती ढासळते. तोंडाने भरपूर झिंक दिलं की वासरू सुधारतं. द्यायचं थांबवलं की आजार परततो. माणसातही याच जनुकाचा आजार आहे. ते जनुक 2002 मध्ये सापडलं, आणि अशा रुग्णांना झिंक जन्मभर घ्यावं लागतं. हाडांत वर्षाची बेगमी होत असती, तर रोजच्या गोळीची गरजच काय होती?

“जनावरंही साठवतात” हे काहींच्या बाबतीत अगदी खरं आहे. सी. एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर कृमीच्या आतड्यात झिंक साठवणाऱ्या कणिका असतात. झिंक वाढलं की कृमीचं एक प्रथिन थेट झिंकला चिकटतं आणि साठवणीची जनुकं चालू करतं. टंचाई आली की त्याच कणिकांतून झिंक परत काढलं जातं. फळमाशीही आपल्या उत्सर्जक नलिकांत झिंक ठेवते. फार देखणी व्यवस्था आहे ही, पण कृमीच्या आतड्यावरून जर्सीचा खुराक ठरवू नये. दुभत्या गाईच्या दुधातून रोज झिंक बाहेर जातं, म्हणून खनिज मिश्रणही रोजच्या आंबोणात घालायचं.

आता पंधरा दिवसांचा मारा. आतड्याच्या पेशीत झिंक भरपूर झालं की ती झिप-4 पृष्ठभागावरून आत ओढून घेते. त्याच वेळी ‘एमटीएफ-1’ हे प्रथिन जनुकांवर बसून मेटॅलोथायोनिनचं उत्पादन वाढवतं. 1957 मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातून पहिल्यांदा मिळालेलं हे प्रथिन झिंकचे 7 अणू धरून ठेवतं. पण आतड्याच्या पेशी काही दिवसांतच झडतात, आणि धरलेलं झिंक त्यांच्याबरोबर शौचावाटे जातं. म्हणजे गोळ्यांच्या पैशांतला बराचसा भाग तिकडेच. एवढ्यावर भागलं तर ठीक, पण मेटॅलोथायोनिन तांब्याला झिंकपेक्षाही घट्ट पकडतं, त्यामुळे तांबंही तसंच बाहेर जातं. अंगात तांबं साठत जाणाऱ्या विल्सनच्या आजारात जादा तांबं रोखायला डॉक्टर याच गुणाचा उपयोग करतात. निरोगी माणसाने मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले, तर तांब्याच्या कमतरतेने रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, नसांनाही इजा होते. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 40 मिलिग्रॅम आहे, आणि फॉरवर्ड 50 पासूनच सुरू होतो!

राहिली भाकरी. ज्वारीतलं फायटेट नावाचं संयुग झिंक बांधून ठेवतं, हे मान्य. पण 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 2 मिलिग्रॅम झिंकही असतं, आणि कमी मिळू लागलं की आतडं झिप-4 वाढवून त्यातला जास्त वाटा ओढून घेतं. या जुळवणीलाही मर्यादा आहेच, म्हणून ताटात डाळ, दही, जमेल त्याला मटण हवं. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीत फायटेट कमी होतं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सोडून गोळीच्या मागे लागायचं कारण मला तरी दिसत नाही. गाईला तर फायटेटची चिंताच नको, तिच्या कोठीपोटातले जंतू ते फोडतात.

एक मात्र सांगायला हवं. मुलाला जुलाब झाले असताना डॉक्टर झिंक देतात, ते या वादात बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसच आहे: 10 ते 14 दिवस रोज झिंक द्यायचं, किती ते डॉक्टर सांगतील. जुलाबातून गेलेलं झिंक भरून काढण्यासाठी आणि आतडं लवकर सावरण्यासाठी ते असतं.