आनंदीआनंद

आमचे तमिळ शेजारी बँकेतून निवृत्त झाले आणि वही घेऊन माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागले. रोज संध्याकाळी, नेमके मी भाजी निवडत असताना. (शिकवणीमुळे माझी भाजी कधी चुकली नाही, हेही नमूद करतो.)

एकदा त्यांनी विचारलं, "फार मोठा आनंद, याला काय म्हणायचं?" मला चेव आला. आनंद गगनात मावत नाही, त्याला पारावार उरत नाही, मनात उकळ्या फुटतात, अतिच झाला तर हर्षवायू होतो... ते थबकले. "वायू? गॅसेस?"

"नाही हो, वेड लागतं."

"आनंदाने?"

"आमच्यात लागतं."

मग ब्रह्मानंद. इथे त्यांनीच माझी शिकवणी घेतली. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचा चक्क हिशोब आहे. तरुण, विद्वान, बळकट माणूस आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची, हा एक मानुष आनंद. तिथून दर पायरीला शंभरपट, अशा 10 पायऱ्या चढल्या की ब्रह्मानंद. बँकेतला माणूस, आकडाही काढला. एकावर 20 शून्यं! "हा शब्द तुम्ही कधी वापरता?"

काय सांगणार? कीर्तनात कुणी पेंगायला लागला की त्याची ब्रह्मानंदी टाळी लागली म्हणतो. त्यांनी लगेच टाळी वाजवून दाखवली. ही टाळी म्हणजे समाधी, हे पटवण्यात मेथीची अख्खी जुडी संपली.

जाता जाता मी म्हटलं, "आणि आनंदीआनंद! म्हणजे चोहीकडे आनंदच आनंद." बालकवींच्या कवितेत तो तसाच आहे, अगदी खरा. पण शाळा सुटल्यापासून मी तरी तो तसा ऐकलेला नाही. नळाला पाणी नाही, गॅस संपलाय, चिरंजीवांचा गणिताचा पेपर हातात आलाय, की सगळा आनंदीआनंद! हे सांगणार तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

रविवारी सोसायटीची वार्षिक सभा. लिफ्ट तीन महिने बंद, टाकी गळतेय आणि खजिनदार ताळेबंद वाचताहेत. वाचन संपताच शेजारी उठले, हात जोडून म्हणाले, "साहेबांच्या हिशोबात अगदी आनंदीआनंद आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. समाधीच्या नव्हेत. खजिनदार लालबुंद. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

शेजाऱ्यांनी मोठ्या कृतज्ञतेने माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या वर्षीचा खजिनदार म्हणून माझं नाव एकमताने मंजूर झालं. शेजाऱ्यांना हर्षवायू व्हायचा तेवढा राहिला.