सत्याची गाडी आणि वाडीचा शेवटचा चढ

जुलैचा पाऊस, म्हणून शनिवारी कट्टा लालबागच्या उड्डाणपुलाखाली सरकला होता. सत्या आला तोच मोबाइल पुढे करून. "मारुतीची ग्रँड विटारा घेतोय. ऑलग्रिपवाली, चारही चाकं ओढणारी. आणि ऑटोमॅटिक."

"कशाला?" पश्याने तिथेच अडवलं. "तू जातोस लोकलने. गाडी घेऊन पवईला जाते वहिनी. हिंदमाताच्या पाण्यात घालणार आहात का दोघं?"

तिथून जे सुरू झालं ते पावणेबारापर्यंत चाललं. हे लिहून काढतोय, कारण अशा गाडीबद्दल गेल्या वर्षभरात मला चौघांनी विचारलं, आणि चौघांच्याही डोक्यात तोच घोळ होता जो त्या रात्री कट्ट्यावर होता.

बंड्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर. त्याच्या मते ही ग्रँड विटारा नव्हेच. २००७ साली आपल्याकडे आलेली ती खरी. जपानहून तयार येणारी, चारही चाकांना कायम ताकद, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, वर लो रेंजचा गिअर, म्हणजे हळू पण जास्त जोराने ओढणारा. २०२२ मध्ये त्याच नावाने आलेली ही गाडी बंगळूरजवळ बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात बनते, दीड लिटरचं इंजिन, लो रेंज नाही, आणि एरवी धावते पुढच्याच चाकांवर. "पाटी जुनी, दुकान नवीन," बंड्या म्हणाला. "फोर बाय फोर हवी तर मारुतीचीच जिम्नी घे."

इथे मला राहवलं नाही. जिम्नी डोंगरात माझी आवडती गाडी आहे, पण तिची फोर बाय फोर हाताने टाकायची असते. खटका ओढून फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकांवर, टाकली की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडला जातो. चिखलात ते उत्तम, कारण चाकांना घसरायला जागा असते. कोरड्या डांबरावर वळण घेताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि ती घसरू शकत नाहीत म्हणून सगळा पीळ गिअरबॉक्सवर येतो, टायर घासतात. म्हणून रस्त्यावर ती टू एचमध्येच चालवायची, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर. शिवाय आत माणसं चार. सत्याच्या घरात पाच.

विटाराचं तसं नाही. ऑटोवर ठेवली की ती पुढच्या चाकांवर चालते, आणि चाक घसरायला लागलं की मधलं कपलिंग, म्हणजे पुढची-मागची चाकं लागेल तेव्हा जोडणारा भाग, स्वतःच मागच्या चाकांकडे ताकद पाठवतं. चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. फारच चिखल असेल तर गोल बटण फिरवून लॉकवर. बंड्याची जुनी विटारा यापेक्षा कणखर होती हे कबूल, पण ती रोज परळहून पवईला कोण नेणार होतं?

आणि एक गोष्ट जाहिरातीत मोठी दिसत नाही, पण माझ्या मते या गाडीतला सगळ्यात मोठा बदल तोच आहे. आधी ऑलग्रिप फक्त हातगिअरमध्ये मिळायची. म्हणजे गावाकडच्या चढासाठी चार चाकं घ्या आणि त्या बदल्यात सायनच्या सिग्नलला वर्षभर क्लच मारत बसा. २०२५ मध्ये ती सहा गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर यायला लागली. तेव्हा कुठे ही गाडी रोज चालवणाऱ्या माणसाच्या विचारात यायच्या लायकीची झाली.

पश्या हिशेबाचा माणूस. त्याने चहाचा ग्लास बाजूला ठेवला. "याच गाडीत स्ट्राँग हायब्रिड आहे, पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. कागदावर लिटरला सत्तावीस पॉइंट सत्त्याण्णव. ऑलग्रिप आली तेव्हा कागदावर एकोणीस पॉइंट अडतीस. बंपर टू बंपरला हायब्रिड बराच वेळ बॅटरीवर सरकते. वहिनीचं वर्षाचं धर दहा हजार किलोमीटर. शहरात ऑलग्रिपला अकरा, हायब्रिडला अठरा. पेट्रोल शंभर धर. वर्षाला पस्तीस हजार गेले." हायब्रिडची किंमतही जास्त आहे, ती फिटायला वर्षं जातील, हे त्याने सांगितलं नाही, ते मी सांगितलं. हायब्रिडची डिकीही बॅटरीमुळे लहान, २६५ लिटर; साध्या पेट्रोलची ३७३. पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. हायब्रिड आणि चार चाकं एकत्र मिळत नाहीत, सीएनजी आणि चार चाकंही नाही. एकच काहीतरी निवडायचं.

"आणि पाण्याचं काय?" निल्याने विचारलं.

पाण्यात चार चाकांचा काही उपयोग नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. गाडीची किती चाकं ओढतात हे पाणी विचारत नाही. हवा घ्यायच्या नळीतून पाणी इंजिनात गेलं की दट्ट्या पाण्यावर आपटतो, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तो खर्च साध्या विम्यात बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. विटारा जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे, ते खड्ड्यांना आणि गतिरोधकांना चांगलं. गुडघाभर पाण्यात नेण्याचा तो परवाना नव्हे. ब्रेकचंही तेच. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर थांबवतो तो टायर. चार चाकं ओढणारी गाडी ओल्यात इतकी सहज सुटते की वेग किती झाला ते कळत नाही, आणि ब्रेक मारल्यावर ती बाकीच्यांसारखीच घसरते. हे मी सत्याला दोनदा सांगितलं.

तावडे काका इतका वेळ गप्प होते. त्यांनी एसटीवर मुंबई-राजापूर बत्तीस वर्षं केलं. "गेल्या गणपतीला तुमची गाडी चढावर अडकली ती कशी, ते सांग," म्हणाले.

मी होतो त्या गाडीत. सत्याची वाडी लांज्याच्या आत. हमरस्ता सोडला की आधी डांबर, मग जांभ्याची लाल वाट, आणि शेवटी घराकडे जाणारा साठ-सत्तर पावलांचा सिमेंटचा चढ, पावसाळ्यात हिरवागार शेवाळलेला. वॅगन आरमध्ये आम्ही पाच जण, मागे मखर, फळं, पिशव्या. अर्ध्यावर पुढची चाकं नुसतीच गरगर फिरायला लागली. क्लचचा जळका वास आला. गोणपाट टाकलं तर ते चाकाखालून उडून मागे गेलं. शेवटी सगळे उतरले. सत्याची आई शहात्तर वर्षांची. एका हातात छत्री, दुसरा माझ्या खांद्यावर, अशी ती चढ चढली. दोनदा थांबली. वर गेल्यावर ओसरीवर बसली आणि बराच वेळ बोलली नाही.

"वजन मागे गेलं ना," काका म्हणाले. "चढावर आधीच भार मागच्या चाकांवर येतो. त्यात तुम्ही मागे माणसं नि सामान भरलंत. पुढची चाकं हलकी झाली, आणि ओढणारी तीच. आमच्या एसटीला मागची चाकं ढकलतात, गाडी भरलेली असली की उलट बरी चढते. उलटी का नाही चढवलीत?"

आम्ही सगळे गप्प. खरंच, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी रिव्हर्समध्ये चढवली की ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात आणि भार त्यांच्यावर पडतो. मागे एक माणूस उभा करायचा आणि हळूहळू घ्यायची. एवढी साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती.

"आणि दुसरं," काकांचं संपलं नव्हतं. "ही गाडी आली तेव्हा साधी आणि चार चाकांची यात किती फरक होता?"

"दीड लाख," पश्याने लगेच सांगितलं.

"दीड लाखात तो चढ खरवडून आडव्या खाचांचं काँक्रीट होईल. वाडीतल्या सगळ्यांच्या गाड्या चढतील."

"अर्ज दिलाय ग्रामपंचायतीत, दोन वर्षं झाली," सत्या म्हणाला. आवाज जरा चढला होता. "रस्ता माझा नाही काका, मी कसा खणू? आईला यंदा पुन्हा चालवत नेऊ?"

यावर पश्याही काही बोलला नाही.

मेधा वहिनी दुधाची पिशवी घ्यायला खाली आल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. "माझा डावा गुडघा म्हणतो ऑटोमॅटिक घ्या," त्या म्हणाल्या. "बाकी चाकं किती ते तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, केवढी आहे ती?"

समोरच्या हार्डवेअरवाल्याकडून टेप आणला. विटेच्या तुकड्याने फुटपाथच्या फरशीवर आधी वॅगन आर काढली, ३६५५ बाय १६२०. मग तिच्याभोवती विटारा, ४३४५ बाय १७९५. सव्वादोन फूट लांब, सात इंच रुंद. उंचीला मात्र वॅगन आरच तीन सेंटिमीटरने जास्त, हे ऐकून बंड्याचा विश्वास बसेना. वहिनी आतल्या चौकटीत ड्रायव्हरच्या जागी उभ्या राहिल्या, मग बाहेरच्या. डावीकडे हात लांब करून बघितला. "ही डावी बाजू मला दिसणार नाही."

मी सांगितलं, वरच्या मॉडेलला चारही बाजूंचा कॅमेरा आहे.

"पावसात कॅमेऱ्यावर चिखल बसतो," त्या म्हणाल्या. तेही खरं.

माझं मत मी तिथेच दिलं. गावचा चढ नसता तर डोळे मिटून हायब्रिड घ्या म्हटलं असतं. तो चढ आहे, आणि वर आई राहायला जाते, गणपतीला आणि शिमग्याला, शिवाय मधल्या पावसात दोन-तीनदा. तेव्हा ऑलग्रिप ऑटोमॅटिक घ्या. पण चारही टायर एकाच मापाचे, एकाच वेळी बदला, नाहीतर कपलिंगवर ताण येतो. आणि ते गुळगुळीत व्हायची वाट बघू नका. पश्याला पटलं नाही. त्याचं म्हणणं अजून तेच, टायर चांगले घाला आणि उलटी चढवा.

वहिनींनी टेप परत दिला नाही. आम्हाला बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. त्यांच्या जागेचे दोन खांब मोजले, २२५० मिलिमीटर भरले. एका अंगाला चिकटवून लावली तरी दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस सेंटिमीटर. तेवढ्यात दार अर्धंच उघडेल.

"आईंना आधी बाहेरच उतरवावं लागेल," वहिनी म्हणाल्या, आणि सत्याकडे वळल्या. "उद्या शोरूमवाल्याला सांग, टेस्ट ड्राइव्हची गाडी पहिली इथे आण. मी लावून बघणार."